नव्वद नंबर

जुनी गाडी विकत घ्यायला एक माणूस पुरतो. तिच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालायचं हे ठरवायला मात्र अख्खी सोसायटी, दोन गॅरेजं, एक स्पेअर पार्ट्सचं दुकान आणि एखादा निवृत्त तज्ज्ञ एवढा लवाजमा लागतो. इंजिनाबद्दल बोलताना लोक अजून जरा जपून असतात. इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, तापतं. आपण काही भलतंच बोललो तर ते तिथल्या तिथे आपल्याला खोटं पाडेल अशी धास्ती असते. गिअरबॉक्सचं तसं नाही. तो गाडीच्या पोटाखाली अंधारात पडलेला असतो. बहुतेक जुन्या गाड्यांत त्याला ना डिपस्टिक, ना डॅशबोर्डवर दिवा. त्याच्या आत काय आहे हे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. त्यामुळे त्याच्याविषयी सगळ्यांनाच खात्री असते.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, ऐंशीच्या दशकातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ज्यांनी ही गाडी चालवली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी चालवली नाही त्यांना सांगून पटायचं नाही, पण हिचा पहिला गिअर गाडी थांबल्याशिवाय सुखाने पडत नाही, कारण त्याला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत तो टाकायला गेलं तर जो आवाज होतो, त्याने फुटपाथवरची माणसं दात आवळतात. वरच्या तिघांना सिंक्रो आहे. त्यातला दुसरा हल्ली पहिल्याच्या नादी लागला होता. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना खर्रर्र! चढावर तर मागचा स्कूटरवाला त्या आवाजाने दचकून बाजू द्यायचा. मिळालेली बाजू घेण्याइतका वेग तेव्हा गाडीत नसायचा, हा भाग वेगळा.

मिस्त्रीने गाडीखाली आडवं पडूनच विचारलं, "साहेब, गिअर ऑइल कधी बदललंय?"

इंजिन ऑइल बदललं की गॅरेजवाला काचेवर स्टिकर लावतो. पुढची तारीख, पुढचे किलोमीटर, खाली गॅरेजचा फोन नंबर. गिअर ऑइलला कुणी स्टिकर लावल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून मी गाडीच्या आधीच्या मालकांना फोन केला. सज्जन गृहस्थ. त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं आणि मग मलाच विचारलं, "त्यात वेगळं ऑइल असतं का हो?"

गाडी त्यांनी वीस वर्षं चालवली होती.

तुम्ही म्हणाल, एवढी चौकशी कशाला, गाडीबरोबर पुस्तिका मिळते, तिच्यात बघा. पुस्तिका आहे. पण कुठल्याही जुन्या गाडीच्या पुस्तिकेत सगळ्यांत जास्त वेळा उघडलेलं पान वंगणाचं असतं, आणि ते उघडणाऱ्यांचे हात वंगणाचेच असतात. आमच्या पुस्तिकेतलं ते पान तेल पिऊन पिऊन इतकं पारदर्शक झालंय की या बाजूचा गिअरबॉक्स आणि त्या बाजूची टायरमधली हवा दोन्ही एकदमच वाचता येतात. नीट लक्ष दिलं तर असं दिसतं की गिअरबॉक्समध्ये पुढच्या चाकांइतकी हवा भरावी आणि लांबच्या प्रवासाला निघताना थोडी वाढवावी.

माझ्या एका स्नेह्याकडे साठच्या दशकातल्या गाडीची पुस्तिका आहे, अगदी कोरी. तिने गोंधळ मिटेल असं वाटलं. पण त्या काळच्या पुस्तिका ऑइलच्या प्रकारापेक्षा कंपन्यांची आणि मार्क्यांची नावं ठळक छापत. एस्सोचं अमुक, बर्मा शेलचं तमुक, नाहीतर कॅल्टेक्सचं. आता एस्सो १९७४ साली सरकारजमा होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. बर्मा शेल १९७६ मध्ये सरकारने घेतली, तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. कॅल्टेक्सही हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळून गेली. म्हणजे पुस्तिकेची आज्ञा तंतोतंत पाळायची तर आधी इंदिराबाईंचं राष्ट्रीयीकरण मागे घ्यावं लागेल. एका गिअरबॉक्सपायी एवढं करणं बरं दिसत नाही.

अशा वेळी माणूस तज्ज्ञाकडे वळतो. मला वळावंही लागलं नाही, तज्ज्ञ जिन्यातच भेटले. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणाले, "नव्वद नंबर!"

"हो, पण काका, त्यातही प्रकार असतात ना..."

"प्रकार कसले? नव्वद नंबर घालायचं आणि विसरून जायचं. आम्ही ड्रममधून काढायचो आणि भरायचो. घाटात गाड्या चालल्या की नाही?"

चालल्या. एसटी घाटात चालली यावर महाराष्ट्रात वाद घालता येत नाही.

या नव्वदाविषयी जरा खोलात जायला हवं, कारण जुन्या गाडीवाल्यांच्या जगात एवढा मान दुसऱ्या कुठल्या आकड्याला नाही. इंजिनात आपण चाळीस नाहीतर पन्नास नंबरचं ऑइल घालतो. त्यावरून सगळ्यांनी असं धरलेलं असतं की नव्वद म्हणजे त्याच्या दुप्पट जाड, काकवीच जणू. वस्तुस्थिती अशी की गिअर ऑइलची मोजपट्टीच निराळी आहे. मोटारीच्या अभियंत्यांची एसएई नावाची अमेरिकन संस्था हे नंबर ठरवते. शंभर अंश सेल्सिअसला मोजलं तर नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा दाटपणा इंजिनाच्या चाळीस ते पन्नास नंबरच्या हद्दीतच येतो. मग नव्वद कशाला म्हणायचं? तर दोन डबे शेजारी ठेवले तरी कुणाची गल्लत होऊ नये म्हणून इंजिनाचे नंबर साठावर थांबवले आणि गिअरचे त्याच्या पुढून सुरू केले. गल्लत टाळण्यासाठी केलेल्या या सोयीने गेली कित्येक दशकं जेवढी गल्लत केली आहे, तेवढी दोन्हींना एकच नंबर देऊनही झाली नसती.

मी हे काकांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं नव्वद म्हणून मी पन्नासच भरत होतो?"

पेन्शनमध्ये कुणीतरी परस्पर काटछाट केल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी आणखी माहिती दिली, आणि ती देऊ नये होती. मॉरिस मायनर, आपल्याकडे जिला बेबी हिंदुस्थान म्हणत, तिच्या गिअरबॉक्समध्ये मुळात इंजिनाचंच ऑइल घालतात. १९५९ साली इंग्लंडात मिनी नावाची छोटी गाडी निघाली, तिच्यात तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच टाकीतलं ऑइल वाटून घेतात. आणि जुन्या बुलेटच्या चार गिअरच्या पेटीत लोक चक्क ग्रीस भरत.

"ग्रीस?" काकांनी जिन्याचा कठडा धरला. "गिअरबॉक्समध्ये?"

त्या दिवसापासून ते सोसायटीतल्या बुलेटवाल्या मुलाकडे संशयाने बघतात. त्या बिचाऱ्याची बुलेट नवी आहे.

यानंतर मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचं काहीही हवं असलं की नाना पेठ. दुकानं मांडीला मांडी लावून बसलेली, प्रत्येकात छतापर्यंत खोकी. दुकानदार गाडीचं नाव ऐकल्याशिवाय नजर वर करत नाहीत आणि गाडीचं नाव ऐकून त्यांची नजर माणसाची किंमत ठरवते. मी "पद्मिनी" म्हटल्यावर तिच्यात करुणा आली.

"हे घ्या," दुकानदाराने डबा पुढे सरकवला. "जीएल-फाइव्ह. ऐंशी-नव्वद."

"मला जीएल-फोर हवंय."

"फोर जुनं झालं, साहेब. हे फाइव्ह आहे. फाइव्हमध्ये फोर येतंच."

या वाक्यापुढे माझी बोलतीच बंद झाली. कारण चारपेक्षा पाच वाईट असू शकतं हे मराठी माणसाला पटवणं जवळजवळ अशक्य आहे. आपली सगळी जडणघडण याच्या उलट झालेली. सहाव्या वेतन आयोगापेक्षा सातवा बरा. फोर-जीपेक्षा फाइव्ह-जी वेगवान. चार चांदण्यांच्या फ्रीजपेक्षा पाच चांदण्यांच्या फ्रीजला वीज कमी लागते. दहावीला ९४ टक्के मिळाले तर शेजारी पेढा तोंडात टाकता टाकता "९५ थोडक्यात हुकले" म्हणून हळहळतात. अशा समाजात एक माणूस दुकानात उभा राहून खुशीने पाचवरून चारवर यायला बघतोय आणि पैसेही तेवढेच द्यायला तयार आहे, म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात त्याची काही चूक नव्हती.

मुद्दा असा आहे. जीएल ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची वर्गवारी. तिचे आकडे इयत्तांचे नाहीत, कामाचे आहेत. मागच्या चाकांकडे जोर पोचवणाऱ्या डिफरन्शियलमध्ये बहुतेक गाड्यांत हायपॉइड जातीचे गिअर असतात. त्यांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत घसरतात. या दाबाने ऑइलचा थर फाटतो आणि लोखंडाला लोखंड भिडतं. ते होऊ नये म्हणून ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. दाताचा पृष्ठभाग तापला की ही रसायनं त्याच्याशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात. झीज त्या थराची होते, दात वाचतो. जीएल-५ खास या कामासाठी. त्यात ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट.

आता गिअरबॉक्स. त्यातला सिंक्रो म्हणजे पितळेची किंवा तशाच मिश्रधातूची कडी. तुम्ही गिअर टाकायला दांडा ढकलता, तेव्हा ही कडी आधी पुढे होते, फिरत्या गिअरच्या निमुळत्या कडेला चिकटते आणि घर्षणाने त्याला आपल्या वेगावर आणते. दोघांचा वेग जुळला की दातांत दात बसतात, आवाज नाही. म्हणजे हिचा सगळा धंदाच घर्षणाचा. गिअरबॉक्समध्ये बाकी सगळ्यांना निसरडं हवं, हिला मात्र धरायला काहीतरी हवं. तिथे जीएल-५ पडलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, कडी घसरते, वेग जुळायला उशीर लागतो, आणि खर्रर्र. दुसरं, जुन्या पद्धतीचं चळवळं गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातं. आताच्या काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक पूर्वीइतकं आक्रमक नाही असं उत्पादक सांगतात, आणि ते खरंही असेल. पण चाळीस वर्षांच्या पितळेवर त्याचा प्रयोग करायची उमेद मला नाही. नवी कडी मिळवायला पुन्हा त्याच नाना पेठेत यावं लागतं, आणि या खेपेला दुकानदाराच्या नजरेत करुणाही नसते.

हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. दुकानदाराला, मिस्त्रीला आणि काकांना जे पटत नव्हतं ते तिला एका वाक्यात पटलं.

"अहो, मग त्यात काय? चोवीस कॅरेटची बांगडी करतात का? वाकते. बांगडीला बावीसच लागतं."

मी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला बावीस कॅरेटचं सांगितलं. त्याने निमूटपणे जीएल-४ काढून दिलं. माल त्याच्याकडे आधीपासून होता, मागच्या फळीवर.

आकड्यांचा हव्यास किती फसवा आहे याचा आणखी एक दाखला म्हणजे जीएल-६. होय, सहाही होतं. डिफरन्शियलमधल्या गिअरना आणखी जास्त संरक्षण हवं म्हणून ते काढलं, आणि आता ते रद्द झालंय, कारण त्याची परीक्षा ज्या यंत्रसामग्रीवर घ्यायची तीच उरली नाही. वर्गात सगळ्यांत वरचा नंबर, आणि परीक्षा घ्यायला शाळाच नाही. एक, दोन आणि तीन हेही केव्हाच काळाआड गेले. अर्थात कुठे ना कुठे कुणीतरी डब्यावर जीएल-६ छापून विकत असेलच, आणि ते घेणाऱ्याला त्या रात्री शांत झोप लागत असेल.

काही डब्यांवर जीएल-४/जीएल-५ असं दोन्ही छापलेलं असतं. हा प्रकार मला फारसा रुचत नाही. एकाच ऑइलने कडीसाठी धरायचं आणि हायपॉइडसाठी दुप्पट रसायनं पाजायची, हा तोल सांभाळणारे कुणी असतीलही, पण दुकानात उभं राहून कोणता डबा खरं बोलतोय हे कळायला मार्ग नसतो. ज्याला काहीच ठरवायचं नाही त्याच्यासाठी तो डबा उत्तम. आमच्या मिस्त्रीला तो फार आवडतो.

आणि 'ऐंशी डब्ल्यू'ची गंमत तर विसरलोच. डब्यावर ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं, त्यातला पहिला भाग थंडीतल्या वागणुकीची हमी देतो. ८०डब्ल्यू म्हणजे उणे २६ अंशांतही ऑइल ठरावीक हद्दीपलीकडे आळणार नाही. ७५डब्ल्यू असेल तर उणे ४०. पुण्यात पारा आठवर आला की पेपरवाले शेकोटीचे फोटो छापतात आणि आम्ही माकडटोपी काढतो. उणे ४० ची सोय असलेलं ऑइल घेऊन आमची गाडी सिंहगड रस्त्याला भाजी आणायला जाते. तरी पुष्कळ जण हौसेने महागडं ७५डब्ल्यू घेतात. उद्या कुठे लेहला बदली झाली तर?

हे झालं साध्या हाताच्या गिअरचं. ज्यांच्याकडे जुनी ऑटोमॅटिक आहे त्यांच्यापुढे आमची अडचण म्हणजे पोरखेळ. माझ्या एका मित्राने हौसेने अशी गाडी घेतली. त्याला त्याच्या मिस्त्रीने सांगितलं, "यात लाल ऑइल लागतं." एवढंच. लाल. कोणतं लाल? "लाल म्हणजे लालच, साहेब. पॉवर स्टिअरिंगमध्ये असतं ना, तसलं."

लाल रंग ही नुसती ओळखीची खूण आहे. इंजिन ऑइलपासून वेगळं दिसावं आणि गळती झाली तर डाग बघून कुठून गळतंय ते कळावं, म्हणून घातलेला रंग. त्याच्या आतली कहाणी फार लांबलचक आहे. जनरल मोटर्सने १९४९ साली 'टाइप ए' नावाने या ऑइलचं पहिलं सर्वमान्य प्रमाण ठरवलं. १९६७ च्या सुमारास त्याच्या जागी डेक्सरॉन आलं, मग डेक्सरॉन-दोन, डेक्सरॉन-तीन, आणि २००५ साली एकदम डेक्सरॉन-सहा. चार आणि पाच गाळलेच. गिअर सहा असलेल्या पेटीसाठी केलं म्हणून सहा. आणि इथे मात्र कंपनी सांगते की जुन्या डेक्सरॉनच्या जागी नवं सहा खुशाल घाला! म्हणजे मी नाना पेठेत ज्या तत्त्वासाठी भांडलो ते इथे लागू नाही, आणि हे मी त्या दुकानदाराला सांगणार नाही.

पण हे डेक्सरॉनपुरतं. फोर्डने साठच्या दशकात टाइप एफ काढलं, त्याचं वागणं नेमकं उलटं. डेक्सरॉनमध्ये क्लचच्या चकत्या हळूच पकडाव्यात म्हणून घर्षण मवाळ करणारी रसायनं असतात. टाइप एफमध्ये ती नसतात, कारण फोर्डला पकड चटकन हवी होती. होंडाचं ऑइल वेगळं, टोयोटाचं वेगळं, क्रायस्लरचं वेगळं, मित्सुबिशीचं वेगळं. सगळी लाल किंवा लालसर. बाटलीत ओतून शेजारी ठेवली तर रसना आणि रूह अफ्जा एवढाही फरक दिसायचा नाही.

त्यातला एक भाग ऐकून मात्र मी थक्क झालो. ते घर्षण मवाळ करायला अमेरिकेत बरीच वर्षं स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल वापरत. उष्णतेत टिकणारं, धातूला धरून राहणारं, त्या कामाला अगदी योग्य. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने या देवमाशांना कायद्याचं संरक्षण दिलं आणि ते तेल बंद झालं. रसायनशास्त्रज्ञांना बदली पदार्थ शोधायला धावाधाव करावी लागली. म्हणजे एके काळी डेट्रॉइटच्या लांबलचक गाड्या सिग्नलवर हिसका न देता निघत होत्या, त्या समुद्रातल्या एका जनावराच्या जिवावर. मी हे मित्राला सांगितलं. तो कट्टर शाकाहारी आहे. त्याने ताबडतोब विचारलं, "आताच्यात तर नसतं ना?" नसतं. तरी त्याने बाटलीवर हिरवा ठिपका आहे का हे पाहिलंच.

शिवाय काही कंपन्या सांगतात की ऑटोमॅटिकमधलं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही. ज्यांनी एके काळी लाइफटाइम सिमकार्ड घेतली होती, त्यांना कुणाचं लाइफ आणि किती टाइम हे वेगळं सांगायला नको. मित्राच्या गाडीतल्या लाइफटाइम ऑइलचा रंग चहापत्ती उकळून उकळून उरतो तसा झाला होता. शेवटी त्याने पुस्तिकेत छापलेलं नेमकं ऑइल मागवलं, दुप्पट पैसे दिले आणि आता त्या पैशांविषयी सगळ्यांना सांगत असतो. माझ्या मते त्याने बरोबर केलं. ऑटोमॅटिकमध्ये 'सगळ्या गाड्यांना चालेल' असं लिहिलेल्या बाटलीवर विश्वास ठेवण्याइतका स्वस्त तिचा गिअरबॉक्स नसतो.

असो. आमचा मुहूर्त रविवारी सकाळी होता. गाडी थोडी फिरवून गरम करून आणली, कारण गार ऑइल तळाचा गाळ तिथेच सोडून एकटंच बाहेर येतं. गाडी खड्ड्यावर घेतली. काका स्वतःची खुर्ची घेऊन आले होते.

इथे मिस्त्रीने जे केलं त्याबद्दल मी त्याला आयुष्यभर मानेन. त्याने खालचा, ऑइल काढायचा नट सोडायच्या आधी बाजूचा, ऑइल भरायचा नट सैल करून पाहिला. कित्येक शहाणे उलट करतात. आधी सगळं ऑइल सोडून देतात, मग भरायचा नट गंजून बसलाय हे कळतं, आणि कोरडा गिअरबॉक्स घेऊन गाडी टो करण्याची वेळ येते. आमचा नट हातोडी, डिझेल आणि मिस्त्रीच्या गावाकडच्या दोन शब्दांनी सुटला.

खालून ऑइल आलं. काळं, दाट, आणि वास असा की गॅरेजमधलं मांजर उठून गेलं. गंधकाचा तो वास ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही. कपड्यांत बसतो, केसांत बसतो, दोन आंघोळींना दाद देत नाही. नंतर घरी शिरलो तेव्हा आईने आतूनच विचारलं होतं, लसूण कोण करपवतंय. तो शर्ट अजून गॅलरीत आहे आणि घरात घ्यायचा की नाही यावर निर्णय व्हायचाय.

ट्रेमधल्या ऑइलवर ऊन पडलं आणि त्यात सोनेरी कण झळकले. काका खुर्चीतून पुढे झुकले. "बघ! जुना माल. काय चमक आहे!"

"काका," मिस्त्री म्हणाला, "ही चमक मालाची नाही. सिंक्रो झिजून पडलाय तो."

नटाच्या टोकावरची करडी पेस्ट ठीक असते, ते लोखंडाचं नेहमीचं पीठ. सोनेरी कण म्हणजे पितळ. आमच्या गिअरबॉक्समध्ये पाच कुणी घातलं होतं की ते नुसतं वयोमान होतं, हे आता कळायला मार्ग नव्हता. मिस्त्रीने ऑइलचा थेंब चिमटीत चोळून वास घेतला, गंभीरपणे मान हलवली आणि काहीच सांगितलं नाही. डॉक्टर लोकही असंच करतात.

मग नवं भरणं. जुन्या गिअरबॉक्समध्ये मापाचा प्रश्नच नाही. बाजूच्या भोकातून पिचकारीने भरत जायचं, तिथूनच ओघळ बाहेर यायला लागला की भरलं. अट एकच, गाडी सपाटीवर हवी. काकांनी खिशातून गवंड्याची स्पिरिट लेव्हल काढली आणि खड्ड्याच्या कठड्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध. दापोडीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ड्रममधून नव्वद नंबर भरण्यापलीकडेही बरंच काही येतं, हे तेव्हा लक्षात आलं. आमच्यातल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं.

डबा फोडून टाकायचं मिस्त्रीच्या लक्षात होतं. रिकामे डबे भंगारात धड गेले तर पुन्हा भरून येतात, सीलसकट, आणि पुढच्या वेळी आपणच आपला जुना डबा विकत घेऊन येतो. सुटं ऑइल घ्यायचं नाही आणि डबा धड टाकायचा नाही, या दोन गोष्टींवर गॅरेजमध्ये सगळ्यांचं एकमत झालं. एवढ्या सगळ्या चर्चेतलं ते पहिलं एकमत.

फरक पडला का? पडला. सकाळच्या गारव्यात दुसरा गिअर आता न कुरकुरता पडतो. गाडी तापली की अजूनही मधूनच खर्रर्र होतं, कारण झिजलेली कडी ऑइलने भरून येत नाही, मग तो चार असो, पाच असो की रद्द झालेला सहा. काका मात्र सगळं श्रेय नव्वद नंबरला देतात. दुकानदार जीएल-४ ला देतो, आता तोच येणाऱ्या-जाणाऱ्या जुन्या गाडीवाल्यांना बावीस कॅरेटची गोष्ट सांगतो आणि ती स्वतःचीच असल्यासारखी सांगतो. बायकोला त्याचा पत्ता नाही.

डब्याच्या तळाशी थोडं ऑइल उरलं होतं. डबा फोडायच्या आधी मिस्त्रीने ते वेगळ्या बाटलीत काढून ठेवलं होतं. सोसायटीचं गेट महिनोन् महिने किंचाळत होतं, म्हणून मी ती बाटली वॉचमनला दिली. त्याने ती उजेडात धरली, हलवली आणि विचारलं, "साहेब, हे किती नंबर?"

मी काही बोलायच्या आत काका मागून म्हणाले, "नव्वद. पण खरं बघितलंस तर पन्नासच." आणि मग बिजागरीला चार चालेल की पाच, की सरळ ग्रीसच भरावं, यावर सेक्रेटरींना खाली बोलावण्यात आलं.